तळव्यावरचा नकाशा आणि हृदयाची वाट

पहाटेच्या गाड्या मुंबईकडे रवाना होतात, तोवर पालघर आणि बोईसरच्या रस्त्यांवर फिरायला निघालेल्यांची लगबग सुरू झालेली असते. कोणी शिरगाव किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत अनवाणी चालतो, कोणी वसाहतीतल्या मैदानाला फेऱ्या घालतो, तर कोणी रात्रपाळी संपवून परतताना घरची वाट मुद्दाम पायी तुडवतो. चालण्याचे महत्त्व समाजाला पटू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या चालण्याला गेल्या काही वर्षांत एक नवी जोड मिळाली आहे. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांच्या उद्यानांतून गोल गोटे बसवलेली अरुंद पायवाट आखली जाते. लोक तिला 'ॲक्युप्रेशर ट्रॅक' म्हणतात. शेजारी बहुधा दोन तळव्यांचे चित्र असलेला फलक असतो. अंगठ्यात मेंदू, बोटांखाली फुप्फुसे, डाव्या तळव्यावर हृदय, मध्यभागी मूत्रपिंडे, अशी अवघ्या देहाची वाटणी त्या चित्रात केलेली असते. या वाटेवर रोज काही मिनिटे अनवाणी चालले की रक्तदाब उतरतो, हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि मज्जासंस्था सतेज राहते, असे सांगितले जाते. फलकावर जे लिहिलेले नसते, ते शेजारून चालणारा मित्र सांगतो.

यात खरे किती आणि समजुतीचे किती, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ज्याला रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते, असा साठीतला गृहस्थ त्या फलकावर विश्वास ठेवून गोळी बंद करतो, तेव्हा हा प्रश्न त्याच्या कुटुंबाच्या भवितव्याचा होतो. म्हणूनच त्याचा विचार श्रद्धेने अथवा उपहासाने न करता विवेकाने करणे अगत्याचे आहे.

नकाशा कोणाचा?

तळव्यावरील हा नकाशा आपल्या ऋषिमुनींनी काढला, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. विल्यम फिट्झगेराल्ड या अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून 'झोन थेरपी' मांडली. १९१७ मध्ये त्यावर त्याचे पुस्तक निघाले. पुढे युनिस इंगहॅम या अमेरिकी महिलेने त्या पट्ट्यांना तळपायावर आणले, कोणत्या अवयवाचा बिंदू कोठे हे ठरवले आणि १९३८ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. आज उद्यानातील फलकावर दिसणारे चित्र प्रामुख्याने याच परंपरेतले आहे. चीनमधील ॲक्युप्रेशर ही त्याहून वेगळी आणि जुनी पद्धत आहे. गोट्यांच्या वाटेवर चालण्याची रीतही तिकडच्या उद्यानांत रूढ आहे. आपल्याकडे या साऱ्याची सरमिसळ झाली आणि त्यावर 'प्राचीन भारतीय' असा शिक्का बसला.

परदेशी म्हणून एखादी गोष्ट त्याज्य ठरत नाही. पण आपल्या नावावर दुसऱ्याचे खपवणे हा स्वत्वाचा अभिमान नव्हे. वास्तविक पायांच्या आरोग्याविषयी आयुर्वेदाने जे सांगून ठेवले आहे, ते अधिक संयमी आणि अधिक व्यवहार्य आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचे विवेचन येते. त्यात तळपायांना तेल चोळण्याचे, म्हणजे पादाभ्यंगाचे लाभ सांगितले आहेत: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा कमी होतो, पायांना स्थैर्य येते, भेगा पडत नाहीत. आणि त्याच अध्यायात पादत्राणे वापरण्याचेही लाभ सांगितले आहेत! सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात तर याहून स्पष्ट विवेचन आहे. देहाला पीडा होणार नाही इतपत चालणे आयुष्य, बल, बुद्धी आणि अग्नी वाढवते, असे सुश्रुत सांगतो. आणि नेहमी अनवाणी चालणे आरोग्याला व आयुष्याला हानिकारक आहे, असेही तोच बजावतो. चालण्याची शिफारस आणि पायांचे रक्षण, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच अध्यायात सांगितल्या. आज आपण त्यातील सोयीचे तेवढे उचलतो.

महाराष्ट्रातील घराघरांत काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची रीत होती. उन्हाळ्यात आजी नातवाच्या तळव्यांना तूप किंवा तेल लावून वाटी फिरवीत असे आणि मूल शांत झोपी जात असे. या मायेच्या उपचाराला आता यंत्राचे रूप आले आहे. ठिकठिकाणी पैसे घेऊन यंत्रावर पाय घासून देणारी दुकाने निघाली आहेत. तळव्यावर आलेला काळा थर म्हणजे शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडली, असे तेथे सांगितले जाते. तो काळेपणा मुख्यतः काशातील तांबे, तेल आणि घाम यांच्या संयोगाचा असतो. पाय हलके वाटतात, झोप लागते, एवढे सुख पुरेसे नाही का? त्यासाठी विषाची गोष्ट रचण्याची गरज काय?

तळव्यापासून मेंदूपर्यंत

तळव्याचे महत्त्व मात्र कमी लेखता येणार नाही. तळव्याच्या त्वचेत दाब, स्पर्श, कंप आणि ताण ओळखणारी असंख्य सूक्ष्म ग्रहणेंद्रिये असतात. पाय जमिनीला टेकताच त्यांचे संदेश पायातील मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत आणि तेथून मेंदूकडे जातात. जमीन सपाट आहे की उतरती, शरीराचा भार टाचेवर आहे की चवड्यावर, याची वार्ता मेंदूला क्षणोक्षणी मिळते आणि त्यानुसार स्नायूंना आज्ञा सुटतात. तोल सांभाळणे म्हणजे हेच. वय वाढले की ही वार्ता मंदावते आणि माणूस अडखळून पडू लागतो. असमान पृष्ठभागावर सावकाश चालण्याने या व्यवस्थेला रोज सराव मिळतो. गोट्यांच्या वाटेचा मज्जासंस्थेवरील खरा परिणाम शोधायचा तर तो येथे शोधावा.

हृदयाचा संबंध दुसऱ्या मार्गाने येतो. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याचा प्रघात आहे. नियमित चालण्याने रक्तवाहिन्यांची लवचीकता सुधारते, साखरेचा वापर वाढतो, वजन आटोक्यात राहते. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नियमित व्यायामाने साधारणपणे ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो. स्वायत्त मज्जासंस्थेची दोन अंगे हृदयाच्या गतीवर नियंत्रण ठेवतात: एक संकटाच्या वेळी हृदयाला वेग देते, दुसरे विश्रांतीच्या वेळी लगाम घालते. रोज चालणाऱ्याच्या हृदयावर हा लगाम अधिक चांगला राहतो आणि विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला, तो याच कारणासाठी.

या साऱ्यात तळव्यावरील हृदयबिंदूला कोठे स्थान आहे? शरीरशास्त्राला तळव्याच्या एखाद्या ठिकाणापासून थेट हृदयाकडे जाणारा स्वतंत्र मज्जामार्ग आढळलेला नाही. तळव्याच्या सर्वच भागांचे संदेश मज्जारज्जूकडे जातात. पाय चेपले की बरे वाटते, श्वास संथ होतो, मन निवते आणि त्यामुळे काही काळ नाडी व रक्तदाब थोडा उतरतो, हे खरे. पण हा परिणाम प्रेमाने चेपलेल्या पाठीनेही होतो.

कसोटीवर काय उतरले?

गोट्यांच्या वाटेची एक चांगली कसोटी २००५ मध्ये अमेरिकेतील ओरेगन येथे झाली. चीनमधील उद्यानांतील प्रथेवरून प्रेरणा घेऊन संशोधकांनी ६० वर्षांवरील १०८ स्त्री-पुरुषांचे दोन गट केले. एक गट गोट्यांसारखा उंचसखल पृष्ठभाग असलेल्या चटयांवर चालला, दुसरा नेहमीसारखा. सोळा आठवड्यांनंतर चटयांवर चालणाऱ्यांचा तोल आणि पायांची ताकद अधिक सुधारलेली दिसली, रक्तदाबही अधिक उतरलेला आढळला. निष्कर्ष आशादायक आहे. मात्र त्या मंडळींनी आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी तासाभराचा नियमबद्ध व्यायाम केला होता, हे विसरता येत नाही. सकाळी तीन मिनिटे गोट्यांवर उभे राहून गप्पा मारणाऱ्याला तो निष्कर्ष लागू होणार नाही.

बिंदू दाबण्याच्या उपचाराची कथा वेगळी आहे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाचे प्राध्यापक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. २०११ च्या आढाव्यातही चित्र फारसे बदलले नाही. स्कॉटलंडमधील संशोधकांनी तर नेमका हृदयबिंदूच तपासला. २०१२ मध्ये मोजक्या निरोगी व्यक्तींत तो दाबल्यावर हृदयाच्या कार्यात किंचित, तात्पुरता बदल नोंदवला गेला. पण २०१३ मध्ये हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर तोच प्रयोग केला, तेव्हा तसा बदल दिसला नाही. ज्याला गरज होती, नेमका त्याच्याच बाबतीत बिंदू गप्प राहिला.

बोईसरच्या कामगाराचे पाय

हा विचार पालघर जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा का ठरतो? १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुऊर्जा केंद्र सुरू झाले. बोईसर परिसरात औद्योगिक वसाहत विस्तारली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांत पाळीभर उभे राहणारे, जाड सुरक्षाबूट घालणारे, रात्रपाळीमुळे झोप मोडलेले हजारो कामगार आता पन्नाशी-साठीला आले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब. बोईसरच्या वसाहती त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या तळव्यांची संवेदना हळूहळू नाहीशी होते. खडा टोचला, फोड आला, तापलेल्या दगडाने कातडी भाजली, तरी त्यांना कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी बोट अथवा पाय गमावण्याची वेळ येते. नसा सतेज करण्यासाठी गोट्यांवर अनवाणी चालण्याचा सल्ला बहुधा याच लोकांना मिळतो, हे यातले मोठे दुर्दैव. ज्याच्या पायांना मुंग्या येतात, पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, त्याने पादत्राण काढण्यापूर्वी पाय तपासून घ्यायला हवेत. ही तपासणी महाग नाही. नायलॉनचा ठरावीक जाडीचा धागा तळव्याला टेकवून डॉक्टर किंवा प्रशिक्षित आरोग्यसेवक काही मिनिटांत संवेदना पाहू शकतो. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना मऊ रबराची, 'एमसीआर' म्हणून ओळखली जाणारी चप्पल दिली जाते, त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्याकडे वळावे, तर अनवाणी चालण्याचा अर्थच बदलतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू येथील वारली, कातकरी, कोकणा बांधव पिढ्यान् पिढ्या अनवाणी चालत आले. त्यांच्या चालीतील चपळाई कौतुकास्पद आहे. परंतु ते अनवाणी चालले ते पुष्कळदा चप्पल परवडत नव्हती म्हणून. भातखाचरात पायाला होणारा सर्पदंश, काट्यांची जखम, पावसाळ्यात भेगांतून शिरणारे रोगजंतू, ही त्या चालण्याची किंमत त्यांनी मोजली आहे. शहरातील माणसाने बूट काढून चालणे हा आरोग्याचा छंद असेल. पाड्यावरील मुलीच्या पायात शाळेत जाताना चप्पल असणे, हे तिचे आरोग्य आहे. दोहोंना एकच उपदेश करता येणार नाही.

आणखी एक गोष्ट या भूमीशी निगडित आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. परंतु हृदयविकाराच्या गंभीर रुग्णाला पुढील उपचारांसाठी आजही अनेकदा मुंबई, वापी किंवा सिल्वासाची वाट धरावी लागते. झटक्यात रक्तवाहिनी बंद पडली की प्रत्येक मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो. अशा वेळी छातीत दाटून येत असताना, घाम सुटलेला असताना, डाव्या तळव्यावरील बिंदू दाबत बसलेला अर्धा तास परत मिळत नाही. जेथे रुग्णालय लांब, तेथे लक्षण ओळखून १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलावणे हे प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे.

चालायचे कोठे, हाही प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. दूषित हवेतील सूक्ष्म कण फुप्फुसांवाटे रक्तात उतरतात आणि हृदयविकाराचा धोका वाढवतात, हे आता सर्वमान्य आहे. कारखान्याच्या धुरात अथवा अवजड वाहनांच्या रस्त्याकडेला केलेला व्यायाम अर्धा लाभ घालवतो. तळव्याचे बिंदू मोजणाऱ्या समाजाने नाकाने आत जाणाऱ्या हवेचाही हिशेब मागितला पाहिजे. हृदयाची काळजी ही केवळ व्यक्तीची साधना नाही. स्वच्छ हवा आणि चालण्याजोगा रस्ता ही नगराची जबाबदारी आहे.

श्रद्धा आणि उपचार

कोणी म्हणेल, आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांचे काय? चैत्री पौर्णिमेला डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांचे, नवरात्रात नऊ दिवस पायात काही न घालणाऱ्यांचे काय? त्यांचे चालणे व्रत आहे. व्रतात माणूस देवाकडे आरोग्याची पावती मागत नाही. चालण्यातील लय, सोबत, नामस्मरण, मनाची प्रसन्नता यांचा देहावर चांगला परिणाम होतोच. पण वारकरी त्या हिशेबाने निघालेला नसतो. शिवाय वारीत पायांना तेल लावून चेपून देणारे सेवेकरीही असतात. चालणाऱ्या पायांची सेवा करावी, ही जाण परंपरेत होतीच. व्रताला औषधाचे लेबल लावले, तर व्रताचेही अवमूल्यन होते आणि औषधाचीही फसगत होते.

मग गोट्यांच्या वाटा उखडून टाकायच्या काय? मुळीच नाही. त्या नीट वापरायच्या. वाटेच्या कडेला धरायला कठडा असावा, गोटे गोल आणि पक्के बसवलेले असावेत, शेवाळ व काचा रोज झाडून काढाव्यात. मधुमेही, पायांना बधिरपणा असलेले, तळव्यावर जखम असलेले आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय येथे चालू नये, अशी सूचना फलकावर ठळक अक्षरांत असावी; आणि हृदयबिंदू दाखवणाऱ्या चित्राच्या जागी हृदयविकाराची लक्षणे व रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा. एवढ्याशा बदलाने तोच फलक एखाद्याचा जीव वाचवू शकेल. पालघर-बोईसरच्या निवासी वसाहतींत, ज्येष्ठ नागरिकांच्या संघांत, गणेशोत्सवाच्या मांडवात पाय तपासणीचे शिबिर भरवणे कठीण नाही. कार्यकर्त्याला यासाठी निधीपेक्षा वेळ अधिक लागेल.

घरात करण्यासारखे तर पुष्कळ आहे. रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. पाय निरोगी असतील तर त्यातली पाच-दहा मिनिटे वाळूवर, हिरवळीवर किंवा गोट्यांवर अनवाणी घालवावीत. रात्री तळवे धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह नीट पाहावेत. नजर अधू झाली असेल तर ते काम नातवाने करावे आणि करता करता आजोबांच्या तळव्यांना थोडे तेलही चोळावे. गोळी मात्र डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एक दिवसही बंद करू नये.

पालघरच्या हुतात्मा चौकातून रोज हजारो पावले जातात. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ज्या पाच वीरांनी येथे प्राण दिले, ते त्या दिवशी जनसमुदायाबरोबर पायीच निघाले होते. त्यांच्या गावातील माणसाने आपल्या पायांवर भक्कम उभे राहावे, सत्य पारखून घ्यावे आणि दीर्घायुषी व्हावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. हृदयाकडे जाणारी वाट पायांतूनच जाते, हे खरे आहे. मात्र तिला नकाशातल्या बिंदूचा आधार पुरत नाही; ती रोज चालावी लागते.